सत्त्याण्णव वर्षं अठ्ठेचाळीस दिवस

माझ्या पणजोबांच्या पलंगाच्या उशाशी, जिथे आमच्या गावात बाकीच्यांकडे क्रूस असतो, तिथे एक तक्ता होता. उरलेल्या वॉलपेपरच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने आखलेला. देशाच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांची नावं, जन्म कधी, मेले कधी, आणि शेवटच्या रकान्यात किती जगले. ज्याला पणजोबांनी वयात मागे टाकलं त्याच्या नावावर लाल पेन्सिलीची रेघ.

एबर्ट, चोपन्न. "अपेंडिक्स!" पणजोबा असं म्हणायचे जणू तो माणूस केळीच्या सालीवरून घसरून गेला. राउ पंचाहत्तर, हाइनेमान शहात्तर. ल्युब्के आणि कार्स्टेन्स दोघंही सत्त्याहत्तर, "जोडीने गुंडाळले." हॉइस एकोणऐंशी. हेर्झोग ब्याऐंशी. हिंडेनबुर्ग शहाऐंशी, "मिशीमुळे वाटायचं शंभर गाठेल." वाइझॅकर चौऱ्याण्णव. जे हयात होते त्यांची नावं साध्या शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, बाकावर बसवून ठेवलेल्या पोरांसारखी.

मेलेल्यांत एकच नाव बिनरेघेचं उरलं होतं. वाल्टर शेल. सत्त्याण्णव वर्षं सत्तेचाळीस दिवस.

शेल गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. नगरपालिकेवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. पणजोबा माझा हात धरून मला मुद्दाम तिथे घेऊन गेले आणि दोन गोळ्यांचं आइस्क्रीम दिलं. "बघ टोम्के," म्हणाले, "आता याचा आकडा ठरला. जिवंत माणसाशी शर्यत लावता येत नाही, तो पुढे सरकत राहतो. मेला की कसा एका जागी उभा राहतो." मला तेव्हा ते फारच हुशार वाटले. व्हॅनिला होतं, आठवतंय मला.

तक्त्यात सगळ्यात खाली एक नाव होतं जे राष्ट्राध्यक्षाचं नव्हतं. फोल्कर्ट राडलोफ, चोपन्न. लाल रेघ. तो पणजोबांचा मुलगा. माझ्या आजीचा मोठा भाऊ.

फोल्कर्टमामाला मी पाहिलेलं नाही. आईसुद्धा त्याला मामाच म्हणायची, म्हणून मीही. बहात्तर साली त्याला सैन्यभरतीचं पत्र आलं आणि त्याने लिहून दिलं की मी बंदूक उचलणार नाही. त्या बदल्यात तो दीड वर्ष वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची भांडी साफ करत होता. पणजोबांनी त्याची सुटकेस फाटकाबाहेर ठेवली. "मला सतराव्या वर्षी वर्गातून ओढून नेलं," हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं प्रत्येक जेवणात असायचं. "कोणी विचारलं नाही मला, येतोस का म्हणून. गेलो. आणि ह्याला पोस्टाने विनंती येते तरी चड्डी ओली." फोल्कर्टमामा पुन्हा घरात आला नाही. आजारी पडला तेव्हा आजीने वडिलांना विनवलं, एकदा भेटा. ते म्हणाले, "वय काय त्याचं? चोपन्न? एबर्टइतकं." आणि तो गेल्यावर तक्त्यात एक ओळ वाढवली.

आजी रोज सकाळी त्याच तक्त्याखाली त्यांच्या उशीचा अभ्रा बदलायची.

माझी आजी, आल्मुट, एकोणसत्तर वर्षांची आहे आणि तिला घरात कोणी कधी वाक्य पूर्ण करू दिलेलं नाही. तिच्यावर एक जुना आरोप आहे. आमच्याकडे वाढदिवसाच्या आधी कोणी शुभेच्छा देत नाही. अपशकुन असतो. बारा वाजायच्या आत तोंड उघडलं तर ज्याचा वाढदिवस त्याच्यावर बला येते, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पणजीच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आजी कुठेतरी सहलीला निघाली होती. उद्या फोन सापडेल न सापडेल, म्हणून स्टेशनवरून फोनवर पणजीला म्हणाली, "आजच म्हणते गं, वाढदिवसाच्या शुभेच्छा." पणजी त्या आठवड्यात गेली. हृदय बंद पडलं. पंचवीस वर्षं झाली, पण सूप खारट झालं तरी पणजोबा म्हणायचे, "हिच्या तोंडाने हिची आई खाल्ली."

आजी म्हणायची, "हो बाबा."

तर यंदाचा ऑक्टोबर. शनिवारी एकोणीस तारखेला पणजोबा सत्त्याण्णव वर्षं आणि अठ्ठेचाळीस दिवसांचे होणार होते. शेलवर रेघ मारणार होते. खुद्द वाढदिवसाला त्यांनी केकसुद्धा करू दिला नव्हता. "अर्ध्या वाटेवर कसला केक?" पण शनिवारसाठी तीन थरांचा बटरक्रीमचा केक, शेजारचे ओल्टमान नवराबायको, आणि आमच्या गावच्या पेपरचा बातमीदार फ्रेरिक्स. त्याला पणजोबांनी स्वतः फोन केला होता. "फोटोवाला घेऊन या. आणि चांगला घ्या, शाळेच्या बातम्यांना येतो तो नको."

शेवटचे आठ दिवस ते काचेचं भांडं असल्यासारखे वागले. जिना उतरले नाहीत. मासे खाल्ले नाहीत, काटा अडकेल म्हणून. शुक्रवारी ओल्टमानकाका कुंपणावरून ओरडले, "काय एगबर्ट, उद्या की! आधीच..." तर पणजोबांनी खिडकीतून काठीच फेकली. "तोंड बंद! एक अक्षर नको!" काठी ओल्टमानकाकांच्या कोबीत पडली. मी आणायला गेले. हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं.

मी सोळा वर्षांची आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मला वर्गाने प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं. सव्वीसपैकी एकोणीस मतं! त्याआधी मी फळ्यासमोर उभी राहिले की माझे कान लाल व्हायचे. आता मुख्याध्यापकांसमोरही होत नाहीत. हे मी घरी सांगितलं तेव्हा पणजोबा म्हणाले, "आवाज मोठा, डोकं मोकळं. आजीवर गेली. फक्त हिला गप्प बसता येत नाही."

ठीक आहे, म्हटलं. बघू.

फ्रेरिक्सला पणजोबांचा लहानपणीचा एक फोटो हवा होता. गुरुवारी पणजोबांनी मला कपाटावरचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. "वरच्या वर पाकिटात आहे. बाकी कशाला हात लावू नकोस." आता मला सांगा, असं कोणी सांगितलं तर कोण हात लावणार नाही? त्यांना डुलकी लागली होती. डब्याच्या तळाशी प्रार्थनागीतांचं एक छोटं पुस्तक होतं, कड जळालेलं, आणि त्यात घडी घातलेले दोन कागद.

एक होता चर्चच्या दीक्षाविधीचा दाखला. एप्रिल एकोणीसशे त्रेचाळीस, पोमेरानियातलं त्यांचं गाव, पाद्र्याची सही. एगबर्ट राडलोफ, जन्म एक सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठावीस.

अठ्ठावीस. सत्तावीस नव्हे.

मी बोटांवर मोजलं. नववीत गणितात नापास होता होता वाचले, पण एवढं येतं मला. पणजोबा सत्त्याण्णवचे नव्हतेच. शहाण्णवचे होते. युद्धानंतर त्यांच्या गावचे सगळे कागद मागे राहिले, नंतर जे नवे कागद झाले ते त्यांच्या सैन्यातल्या ओळखपुस्तिकेवरून झाले, आणि तिच्यात सत्तावीस होतं. हे सगळं मी नंतर जुळवलं. दुसरी घडी उघडली तेव्हा फक्त एवढंच कळलं की आपल्या हातात काहीतरी गरम आलंय. ते त्यांच्या आईचं पत्र होतं, त्यांना आघाडीवर पाठवलेलं.

मी दोन्ही कागद स्वेटरखाली घातले आणि स्वयंपाकघरात गेले. आजी बटाटे सोलत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. मग पुन्हा वाचलं. नळ चालू होता, तो तिने बंद केला नाही.

"शनिवारी आत्ताच दाखवूया!" मी म्हटलं, मला शब्द सुचत नव्हते. "म्हणजे आत्ता! आत्ता उठवूया त्यांना. फोल्कर्टमामाला घराबाहेर काढलं आणि स्वतः—"

"हळू बोल."

"आजी, तू परत गप्प बसणार? खरंच?"

"नाही," आजी म्हणाली. तिने एक बटाटा उचलला आणि त्याचे डोळे सुरीच्या टोकाने एकेक करून काढले. "आधी रेघ मारू दे त्यांना."

"काय?"

"शनिवारी. लोकांसमोर. रेघ मारू दे, टाळ्या होऊ देत, केक कापू दे. मग." तिने कागद माझ्या हातात दिले. "पत्र तू वाच. माझा आवाज पुरत नाही."

मी आजीला मिठी मारली. ती माझ्यापेक्षा बुटकी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शनिवारी तीन वाजता सगळे पणजोबांच्या खोलीत जमलो. ओल्टमान नवराबायको, फ्रेरिक्स, त्याचा फोटोवाला, आई, आजी, मी. कॉफीचा वास, केकवर क्रीमने काढलेला आकडा, ९७ आणि खाली ४८. पणजोबा सूट घालून खुर्चीत. टाय मी बांधला होता. मान इतकी बारीक झाली होती की कॉलरमध्ये मुठीएवढी जागा उरत होती. मांडीवर लाल पेन्सिल, नवं टोक काढलेली.

"तर," फ्रेरिक्स म्हणाला, "राडलोफसाहेब, रहस्य काय?"

"रहस्य काही नाही. पळून न जाणं." पणजोबांनी तक्त्याच्या तळाकडे काठी रोखली. "हा बघा, माझा मुलगा. पळाला. चोपन्न. मला सतराव्या वर्षी ओढून नेलं, मी पळालो नाही. हे बसलोय."

ओल्टमानकाकूंनी कपात पाहिलं. आईने खिडकीबाहेर. आजी केकच्या सुरीवर हात ठेवून उभी होती, सरळ.

पणजोबा उठले. दोन्ही बाजूंनी धरायला गेलो तर ढकललं आम्हांला. शेलच्या नावावर डावीकडून उजवीकडे त्यांनी अशी सावकाश रेघ ओढली, की फोटोवाल्याने तेवढ्यात पाच फोटो घेतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात. त्यांचे डोळे ओले झाले. "आता," ते म्हणाले, "आता बोला. आता चालेल."

ओल्टमानकाकांनी तोंड उघडलं, पण आजी पुढे झाली. तिने रीतीप्रमाणे वडिलांचा हात हातात घेतला.

"अभिनंदन, बाबा," ती म्हणाली. "एक वर्ष आधीच."

कोणालाच काही कळलं नाही. पणजोबांना कळलं. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. आजीने सोडला नाही.

"एक वर्ष आधी म्हटलं की काय होतं, बाबा? तुम्हीच शिकवलंत मला. पंचवीस वर्षं शिकवलंत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "टोम्के, वाच."

मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले. आधी दाखला. जन्मतारीख दोनदा वाचली, फ्रेरिक्स वहीत लिहीत होता म्हणून. मग पत्र.

"एगबर्ट, बाळा. मास्तर काल घरी आले होते. ते सांगत होते की तुला कोणी ओढून नेलं नाही. तू स्वतःहून गेलास आणि वय एक वर्ष वाढवून सही केलीस. मला सांगितलंस की सक्ती आहे, आणि मी तुझे मोजे बांधून दिले. सोबत तुझा दाखला पाठवते. तुझ्या साहेबाला दाखव. तू सोळाचा आहेस, त्यांना सोडावंच लागेल. बटाटे अजून जमिनीत आहेत, मी एकटी आहे. दाखला हरवू नकोस. तुझी आई."

हरवला नाही. हे मात्र त्यांनी ऐकलं तिचं.

ती त्याच हिवाळ्यात, शत्रूची फौज आली आणि सगळं गाव पळत सुटलं तेव्हा, बर्फात गारठून गेली. हे आम्हांला लहानपणापासून माहीत होतं. एकटी होती म्हणून तिला सामानाची गाडी ओढवली नाही, असंही माहीत होतं. एकटी का होती, ते त्या दुपारी कळलं.

पणजोबा उभेच होते, काठी नाही, एका हाताने तक्ता धरून. फ्रेरिक्सने पेन खाली घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "मग दाखवला का नाहीत, राडलोफसाहेब? दाखला?"

पणजोबांचा जबडा हलत होता. मला वाटलं आता ओरडतील. पण जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, बारीक, आमच्या वर्गातल्या पोरांचा फुटायच्या आधी असतो तसा.

"सगळी माझ्याच शाळेतली पोरं होती," ते म्हणाले. "हसली असती."

आणि मी हसले.

ठरवून नाही. आलं ते. एवढा सगळा तक्ता, एवढ्या सगळ्या लाल रेघा, फोल्कर्टमामाची फाटकाबाहेरची सुटकेस, आणि कारण काय तर पोरं हसली असती! हसू घशातून आलं आणि थांबेचना. आईने माझा दंड इतका दाबला की सोमवारी शाळेत निळा डाग दिसत होता. खोटं कशाला सांगू, छान वाटलं मला. पणजोबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना दिसत नव्हते असं वाटलं. कोणी दुसरंच दिसत होतं, पुष्कळ जणं, एका रांगेत. मग त्यांचा हात तक्त्यावरून सुटला आणि ते खुर्चीत बसले, की पडले.

ओल्टमान नवराबायको कॉफी तशीच ठेवून गेले. दारात फ्रेरिक्सने विचारलं, "मी काय लिहू?"

"तुमची मर्जी," आजी म्हणाली. "केक घेता का? पुष्कळ आहे."

त्याने काहीच छापलं नाही. केक मात्र नेला.

त्यानंतर पणजोबांना शेलला खरोखर हरवायचं होतं. लोकांना वाटेल ते खचले असतील. छे! दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. "किती?"

"तीनशे चौसष्ट."

"होईल," म्हणाले. शेलवरची रेघ खोडरबराने खोडायला लावली. मेणाची पेन्सिल ती, गेली नाही, नुसती पसरली. शेलचं नाव गुलाबी झालं. रोज सकाळी विचारायचे, किती, आणि मी शाळेला जाता जाता दारातूनच आकडा ओरडायचे.

आणि रोज सकाळी आजी कॉफीचा कप त्यांच्यासमोर ठेवायची, वाकून, कानाशी, अगदी प्रेमाने म्हणायची, "अभिनंदन, बाबा."

रोज. एकही दिवस चुकवला नाही तिने. नाताळातही नाही. पहिल्या आठवड्यात ते ओरडायचे. डिसेंबरात कानांवर हात ठेवायचे. जानेवारीत ती खोलीत आली की फक्त तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, कुत्रं बघतं तसं, ओठ कधी उघडतात ते. एकदा म्हणाले, "आल्मुट, आज नको." आजी थांबली. मला वाटलं, आता सोडेल. तिने उशी सारखी केली, त्यांच्या छातीवर रुमाल पसरला, चमच्याने कॉफी ढवळली.

"अभिनंदन, बाबा," ती म्हणाली.

नऊ मार्चला गेले. दोनशे चोवीस दिवस उरले होते. नगरपालिकेच्या दाखल्यावर अजून सत्तावीस सालच आहे, सरकारी कागद बदलायला फार खेपा लागतात. पण दगड आजीने स्वतः सांगून करून घेतला. दगडवाला म्हणाला, "बाई, कागदावर सत्तावीस आहे, मी अठ्ठावीस कसं कोरू?" आजीने त्याला चर्चचा दाखला दाखवला. शेवटी तो दाखला कोणालातरी दाखवला गेला. दगडावर अठ्ठावीस आहे, खोल कोरलेलं.

दफनानंतर मी त्यांच्या खोलीत तक्ता काढायला गेले. आजीने आधीच कात्रीने खालची पट्टी, फोल्कर्टमामाची, कापून घेतली होती. ती तिने कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. त्यामुळे सगळ्यात खाली आता शेल होते, गुलाबी. त्यांच्याखाली बोटभर जागा उरली होती. मी पट्टी घेतली, रकाने नीट आखले आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. एगबर्ट राडलोफ, शहाण्णव वर्षं एकशे एकोणनव्वद दिवस.

लाल पेन्सिल खिडकीत होती. टोक बोथट झालं होतं म्हणून आधी काढलं. रेघ मारली, आणि मागे वळले तर दारात आजी, हातात उशीचे अभ्रे. तिने चष्मा वर करून बघितलं.

"पुसट आहे," ती म्हणाली. "जाड मार."